वेणीतला ण

वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षापर्यंत मला स्वतःची वेणी घालता येत नव्हती. ऑफिसात हे कुणाला खरं वाटलं नसतं. मी एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. प्रवेशाच्या याद्या, परीक्षेचे अर्ज, शिपायांच्या रजा, टाकीची सफाई, सगळं माझ्या टेबलावरून जातं. घरी फ्रिजवर एक यादी असते, कपाटावर एक आणि पर्समध्ये एक. विरारला फुलपाड्यातल्या आमच्या सोसायटीत टँकर कधी बोलवायचा हेही लोक मलाच विचारतात. पण माझे कमरेखाली येणारे केस रोज सकाळी आई विंचरायची, तेल लावायची आणि तीन पेडांची वेणी घालून खाली काळं रबर लावून द्यायची. मी खाली पाटावर, ती मागे पलंगावर. शाळेत असताना होतं तेच. मी लग्न केलं नाही, बाबा गेल्यावर आम्ही दोघीच उरलो, त्यामुळे ही व्यवस्था मोडायचं काही कारणच आलं नाही.

आणि ती सोयीची होती. केस तिच्या हातात असेपर्यंत मी दिवसाची यादी लिहून काढायची. ती मागून म्हणायची, "झालं का तुझं पुराण लिहून?" आणि असा एक हिसका द्यायची की मान आपोआप सरळ व्हायची.

मागच्या वर्षी दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी वेणी अर्ध्यावर आली असताना मागून काहीतरी खाली पडल्याचा आवाज झाला. मला वाटलं कंगवा पडला. मी लिहीतच होते. मग माझ्या खांद्यावर तिचा हात पडला, पण तो ठेवल्यासारखा नाही, सांडल्यासारखा. वळून पाहिलं तर तिचं तोंड एका बाजूला गेलं होतं आणि ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू तिला काही विचारायचं आहे आणि प्रश्न सापडत नाहीये.

लकवा. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा. मी वेळ घालवला नव्हता. खालच्या रिक्षावाल्याने आणि मी मिळून तिला उतरवलं आणि तासाभराच्या आत आम्ही इस्पितळात होतो. अर्धी वेणी तशीच पाठीवर घेऊन मी फॉर्म भरले, इन्शुरन्सचे कागद आणले, रात्री बाकावर झोपले. वेणी हळूहळू सुटत गेली. तिसऱ्या का चौथ्या दिवशी मी सगळे केस गोळा करून वर एक गाठ मारली आणि ती गाठ आई घरी येईपर्यंत सोडलीच नाही.

डॉक्टरांनी घरी सोडताना स्पष्ट सांगितलं. तिला सगळं समजतं. शब्द आत आहेत, पण बाहेर यायची वाट बंद झाली आहे. पहिल्या काही महिन्यांत जेवढं बोलणं परत येईल तेवढं खरं; त्यानंतर फारशी आशा धरू नका. हात-पायांचंही तसंच, पण हात-पायांसाठी मी सोय करू शकत होते. भाड्याने इस्पितळाचा पलंग आणला, हवेची गादी आणली, कमोडची खुर्ची आणली, दिवसभरासाठी एक बाई ठेवली. बोलण्यासाठी मात्र कुठलीच वस्तू भाड्याने मिळत नाही. म्हणून मी यादीत सगळ्यात वर तेच लिहिलं: आईचं बोलणं. खाली रेघ मारली.

एक स्पीच थेरपिस्ट घरी यायला लागली. तरुण, नीटनेटकी मुलगी, दादरकडची. तिच्याजवळ चित्रांची कार्डं होती. पहिल्या दिवशी तिने मला प्रश्न विचारले आणि उत्तरं लिहून घेतली.

"आजींची मातृभाषा?"

"मराठी."

"आधी कशा बोलायच्या? उच्चार स्पष्ट होते?"

"अगदी स्वच्छ," मी म्हटलं. "बातम्या देतात तसं."

हे खरं होतं. आई मूळची वसईच्या पाचूबंदरची, कोळ्यांच्या घरातली. आजोबांची बोट होती. बाबा साताऱ्याकडचे, वसईत एका सरकारी कचेरीत लागले, तिथे आई टायपिस्ट म्हणून आली आणि दोन्ही घरांना नको असताना त्यांनी लग्न केलं. पण आईच्या बोलण्यावरून ती बंदरावरची आहे हे कुणी ओळखलं नसतं. शेजारच्या काकू तिला कित्येक वर्षं पुण्याची समजत होत्या. मी थेरपिस्टला हे कौतुकाने सांगितलं.

कार्डं दाखवून काही होईना. आंबा, घर, मांजर, चमचा. आई चित्राकडे बघायची, मग त्या मुलीकडे, मग माझ्याकडे. ओठ हलायचे. एक हुंकार यायचा आणि तोही अर्ध्यात विरायचा. मग ती डावा हात चादरीवर आपटायची. असे कितीतरी आठवडे गेले. मी रोज संध्याकाळी कार्डं घेऊन बसायची, कारण थेरपिस्ट आठवड्यातून दोनदाच येणार आणि बाकीचे दिवस फुकट घालवायचे नव्हते.

इकडे केसांचा प्रश्न पडून होता. मानेच्या वर नारळाच्या काथ्यासारखा एक गठ्ठा झाला होता. त्यात बोट जाईना. सकाळी आईचं सगळं उरकून ऑफिस गाठायचं, तर डोक्याकडे बघायला वेळ नव्हता. दिवसाची बाई म्हणाली, "ताई, कापून टाका ना सरळ. माझ्या ओळखीची पार्लरवाली आहे, घरी येते. बॉयकट छान दिसेल तुम्हाला." मला पटलं. यादीत लिहिलं. चादरीखालचं रबर, डायपर, केस कापणे.

आईला न सांगता करणं बरं दिसेना, म्हणून आदल्या संध्याकाळी तिला पेज भरवताना सांगितलं.

"आई, उद्या केस कापून घेते. आता वेणी कोण घालणार?"

तिने तोंड मिटलं. चमचा बाहेरच राहिला. मग डावा हात पुढे करून तिने माझ्या डोक्यावरची गाठ धरली आणि अशी ओढली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"वे," ती म्हणाली. "वे. वेनी."

लाळ आली, ती मी पुसली. ती पुन्हा म्हणाली, "वेनी." कितीतरी आठवड्यांनी तिच्या तोंडून आलेला तो पहिला शब्द होता. मी चमचा खाली ठेवला आणि पार्लरवालीला फोन करून नको म्हणून सांगितलं.

थेरपिस्टला कळवलं तेव्हा ती फोनवरच खूश झाली. म्हणाली, हा शब्द धरून ठेवा, याच्या आसपासचे शब्द येतील. रोज केसांचंच काम करा. त्यांना शिकवू द्या तुम्हाला.

म्हणून मी वेणी घालायला शिकले. हौस म्हणून नाही. गजर तासभर आधीचा लावला आणि पलंगाशेजारी पाटावर आईकडे पाठ करून बसले.

पहिले काही दिवस गुंताच सोडवला. मी वरून कंगवा घालायला गेले तर तिने हातावर चापट मारली आणि केसांचं टोक माझ्या बोटांत दिलं. खालून वर यायचं. टोकाकडचा वीतभर भाग मोकळा झाला की त्याच्या वरचा. तेल लावून, बोटांनी, कंगवा न लावता. जे सुटलं नाही ते कापलं. एक मूठभर गेलं असेल. गुंता सोडवता सोडवता "तेल" आलं. मग "फनी". फणीला आमच्या घरात मी कंगवाच म्हणते, पण ती लहान दातांची जुनी फणी आईच्या उशाशी असायची.

मग वेणी. पुढे धरून तीन दोऱ्या विणणं कुणालाही येतं. तेच मागे, मानेमागे, न दिसता करायचं तर तीन पेड आणि दोन हात, हा हिशेबच बसत नाही. दंड दुखतात, बोटांतलं रक्त उतरतं आणि नेमका मधला पेड निसटतो. मी समोर आरसा लावला. आरशात डावं उजवं होतं आणि मी उजवा पेड उचलायच्या ऐवजी डावाच पुन्हा उचलला. वेणी झाली नाही, दोर झाला, आणि हात काढल्याबरोबर तो उलगडून गेला. आईने आरसा डाव्या हाताने पालथा पाडला. "नको," ती म्हणाली.

युक्ती तिने बोलून सांगितली नाही, तेवढं बोलणं तिच्याजवळ नव्हतं. तिने माझी तर्जनी धरून मधल्या पेडावर आकडीसारखी अडकवली आणि वरून दाबून धरली. मधला पेड बोटात अडकलेला ठेवायचा. बाजूचा त्याच्यावरून आत आला की तो नवा मधला, मग आकडी दुसऱ्या हाताच्या बोटाने. उजवीकडचा पेड घ्यायचा असला की ती माझ्या उजव्या खांद्यावर टिचकी मारायची, डावा असला की डाव्या. डोळे मिटल्यावर मला ते जास्त जमायचं.

पहिली पूर्ण वेणी झाली ती बारीक, वाकडी, खाली गेल्यावर एका बाजूला वळलेली. मी ती खांद्यावरून पुढे घेऊन तिला दाखवली. तिने बोटांत धरून बघितली.

"उंदीर," ती म्हणाली.

"काय?"

"उंदीर. शेपूट." आणि तिच्या तोंडाची डावी बाजू हसली. त्या दिवशी मी ऑफिसात उंदराची शेपूट घेऊनच गेले आणि दिवसभर खूश होते. त्या आठवड्यात "घट" म्हणजे घट्ट, "खाली", "परत", "सोड" हेही आले. मी कपाटाच्या दारावर कागद चिकटवून आलेले शब्द लिहायला सुरुवात केली.

थेरपिस्टने तो कागद बघितला, आईकडून शब्द वदवून घेतले आणि म्हणाली, आता स्पष्टतेकडे वळू या. आईची जीभ उजवीकडे झुकत होती, ट आणि ड लडबडत होते. पण सगळ्यात वाईट होता ण. तो येतच नव्हता. वेनी, फनी, पानी. तिने आईसमोर तोंड उघडून दाखवलं, जिभेचं टोक मागे वळवून टाळूला लावलं. "आजी, ण. ण. वेणी. अशी जीभ उलटी करायची." चपट्या लाकडी पट्टीने तिने आईची जीभ वर ढकलली. आईला उमासा आला.

"रोज करून घ्या," ती मला म्हणाली. "आधी येत होता ना, म्हणजे परत येईल."

आधी येत होता. मी ण असलेल्या शब्दांची स्वच्छ अक्षरात यादी केली. पाणी, लोणी, फणी, वेणी, जेवण, कोण, दुखणं. कपाटावर आधीच्या कागदाच्या वर चिकटवली. सकाळी वेणीच्या आधी यादी घ्यायची असा नियम केला. डॉक्टरांनी दिलेले महिने संपत आले होते आणि मला वाटत होतं की आता सवलत दिली तर तो बिघाड तसाच पक्का होऊन बसेल. शाळेत बाईंनी आमच्याकडून पाढे असेच घेतले होते आणि ते अजून येतात.

"आई, काय आहे हे?"

"फनी."

"फणी. ण. जीभ वर लाव. फणी."

"फ. फ." जीभ ओठांच्या बाहेर यायची, भलतीकडे वळायची. "फनी."

"परत."

ती प्रयत्न करायची. हे मला सांगायलाच हवं. कपाळाला घाम येईपर्यंत करायची. कधी ण च्या जागी एक ओला, मोडका आवाज यायचा, आणि तो ऐकून ती स्वतःच डोळे मिटायची. मी म्हणायची, छान, परत एकदा. एकदा मी फणी हातात धरून म्हटलं, "नीट म्हण, मग देते." तिने माझ्याकडे बघितलं. हात पुढे केला नाही. मान भिंतीकडे वळवली.

दुसऱ्या दिवशी ती काहीच बोलली नाही. वेणी घालताना खांद्यावर टिचकीही मारली नाही. तिसऱ्या दिवशी तेच. "तेल", "घट", "खाली", जे शब्द पक्के झाले होते तेही गेले. मी डॉक्टरांना फोन केला, पुन्हा झटका तर आला नसेल? तपासण्या झाल्या. नवीन काही नव्हतं. थेरपिस्ट म्हणाली, कधी कधी पेशंट निराश होतात, आपण चालू ठेवू. आम्ही चालू ठेवलं. आई आम्हा दोघींकडेही बघेनाशी झाली. माझी वेणी एव्हाना बरी व्हायला लागली होती, आणि ती बघायला कुणी नव्हतं.

त्याच सुमाराला मावशी आली. आईची धाकटी बहीण, पाचूबंदरलाच दिलेली, मासे विकून घर उभं केलेली. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्याने ती इतके महिने येऊ शकली नव्हती. फोन करायची, मी तो आईच्या कानाला लावायची आणि आई नुसतं ऐकायची. आता ती काठी टेकत, जिन्यात थांबत थांबत वर आली, डब्यात बोंबील घेऊन. दारातच म्हणाली, "लिफ्ट बंद ठेवता नि मेंटेनन्स घेता? कोन तो सेक्रेटरी, दाखव मना."

मग आईजवळ जाऊन बसली. तिचा लुळा हात मांडीवर घेतला. बराच वेळ बोलली, आई छताकडे बघत होती. मी चहा टाकला आणि आत येऊन सांगितलं की आई बोलत नाही, मध्ये थोडं बोलायला लागली होती, आता तेही बंद झालंय.

"हे काय लावलंयस?" मावशीने कपाटाकडे बोट केलं.

"आईचा सराव आहे."

मावशीने चष्मा लावला. शाळेतल्या मुलासारखी एकेक शब्दावर थांबत ती मोठ्याने वाचायला लागली. "पानी. लोनी. फनी."

"पानी," पलंगावरून आवाज आला.

मी वळले. आई मावशीकडे बघत होती.

"वेनी," मावशी वाचत होती. तिचं लक्ष नव्हतं. "जेवन."

"जेवन," आई म्हणाली. "कोन."

"कोन," मावशी म्हणाली, मग थांबली. "बोलते की गो. तू म्हनालीस बोलत नाय."

"पानी," आई पुन्हा म्हणाली, आणि मला कळलं की तिला तहान लागली आहे. मी भांडं आणायला स्वयंपाकघरात गेले आणि नळाखाली ते धरून तशीच उभी राहिले. बाहेर त्या दोघींचं काहीतरी चाललं होतं. मावशी भरभर, आई एकेक शब्द. त्यातला एखादा मला ओळखू आला, एखादा नाही.

चहा पिताना मी मावशीला ण चं सगळं सांगितलं, थेरपिस्टचंही.

"बिघडलंय काय त्यात?" मावशी म्हणाली. "आमी असंच बोलतो."

"पण आई असं बोलत नव्हती."

"तुमच्यासमोर नव्हती बोलत." तिने बशीत फुंकर मारली. "माझ्याशी फोनवर भांडायची तेव्हा काय बातम्या द्यायची? बालकनीत जाऊन बोलायची ती. मना म्हनायची, आत लेक हाय."

बाल्कनीत जाऊन बोलायची हे खरं होतं. मला वाटायचं, आत रेंज मिळत नाही.

मग मावशीने जे सांगितलं ते मी पहिल्यांदाच ऐकत होते. लग्नानंतर बाबांची बदली साताऱ्याला झाली आणि आई त्यांच्या गावी राहायला गेली, तेव्हा तिच्या नणंदा तिच्या मागे लागायच्या. ती पाण्याचा तांब्या घेऊन आली की एकीने विचारायचं, "वहिनी, पानी आनलं का?" दुसरीने म्हणायचं, "नाय गो, वेनी घालतेय." मग हसायचं. रोज. आई रात्री गोधडीत तोंड खुपसून जीभ वर लावायचा सराव करायची. पुढे बाबांची बदली परत वसईला झाली, विरारला घर झालं, पण तोपर्यंत ते अंगात भिनलं होतं. "तुझ्या जन्माआधीच जीभ बांधून घेतली तिनं," मावशी म्हणाली. "आता सुटली तर तू परत बांधतेस." ती रागाने म्हणाली नाही. बोंबील आजच करून टाक, असं म्हणते तशाच सुरात म्हणाली.

मी कागद काढून टाकला. थेरपिस्टला फोन केला. ती बिचारी गडबडली, म्हणाली, "तुम्ही मराठी म्हणालात ना ताई." मी म्हटलं, हो, मीच म्हटलं होतं. पुढच्या वेळी ती कार्डं घेऊन आली आणि आई पानी म्हणाली तरी चालेल असं सांगून बसली, पण आईने तिच्यासमोर तोंड उघडलं नाही.

माझ्यासमोरही नाही. मी एक दिवस वाट बघितली, मग सकाळी पाटावर बसायच्या आधी भांडं हातात घेऊन विचारलं, "आई, पानी देऊ?"

ते बोलताक्षणी मला ऐकू आलं की ते कसं लागलं. माझ्या तोंडात ते नणंदांसारखंच आलं होतं. आईने डोळे मिटून घेतले. नंतर मी तसं बोलायचा प्रयत्न केला नाही.

मावशी आठवड्याने पुन्हा आली, आणि आई तिच्याशी बोलली. तुटक, लडबडत, पण बोलली, आणि आधीपेक्षा जास्त. घरात कोण कोण आहे विचारलं. बोट विकली का विचारलं. मावशी निघाली तेव्हा आईने तिच्या लुगड्याचा काठ धरला आणि सोडेना.

"माझ्याकडे आण तिला," मावशी मला जिन्यात म्हणाली. "तळमजला हाय. सून घरात हाय. दिवसभर बाया येतात जातात. इथं तू संध्याकाळी येनार नि ही बाई मोबाइल बघनार. बोलायचं कोनाशी तिनं?"

मी रात्रभर विचार केला असं लिहायला हवं, पण तसं झालं नाही. उत्तर समोर होतं. आईचं बोलणं यादीत सगळ्यात वर होतं आणि ते कुठे होतंय हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. महिने थोडेच उरले होते. मी सामानाची यादी केली: पलंग, गादी, खुर्ची, औषधं वेळेप्रमाणे, कागदपत्रं, मऊ सुती गाऊन. मावशीच्या सुनेला सगळं लिहून दिलं आणि समजावून सांगितलं. दिवसाच्या बाईला महिन्याचा पगार देऊन मोकळं केलं. अँब्युलन्स बोलावली. खाली उतरवताना आई स्ट्रेचरवरून माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, ती काही म्हणेल. तिने डाव्या हाताने माझी वेणी धरली, जिन्याच्या एका वळणापर्यंत धरून ठेवली, मग माणसं पुढे गेली आणि ती सुटली.

आता ती पाचूबंदरला असते. रविवारी मी जाते. घर जेट्टीपासून जवळ आहे. सकाळी लिलावाचा गलका पलंगापर्यंत ऐकू येतो. बाया टोपल्या घेऊन जाताना दारातून डोकावतात, काहीतरी विचारतात, आई उत्तर देते. वाक्यं छोटी असतात, पण वाक्यं असतात. एकदा मी पोचले तेव्हा ती कुणाला तरी कोळंबीच्या भावावरून बोलत होती आणि ती बाई हसत हसत कबूल करत होती. पाय, हात तसेच आहेत. पाठीला एक जखम झाली आहे, ती भरत नाही. डॉक्टर म्हणतात, बोलणं अपेक्षेपेक्षा पुष्कळ आलं, बाकी फार काही सांगता येणार नाही. मी ते समजून आहे.

मी आत गेले की ती गप्प होते. रागाने नाही. पाहुणा आल्यावर माणूस पदर सावरतो तशी. मग शब्द जुळवायला लागते. "बस" म्हणते. "चहा" म्हणते. जास्त काही हवं असलं की आधी मावशीकडे बघते, तिला भरभर सांगते, आणि मावशी मला सांगते. आम्ही दोघी माय-लेकी, एकाच गावाच्या हद्दीत जन्मलेल्या, आणि मध्ये मावशी दुभाषी.

गेल्या रविवारी मी तिची नखं कापली, पाठीला पावडर लावली, औषधांची पाकिटं मोजून डब्यात भरली. सगळं झाल्यावर पलंगाशेजारी खाली बसले, तिच्याकडे पाठ करून, आणि केस सोडून नव्याने वेणी घातली. आता मला जमते. डोळे मिटून, आरशाशिवाय, मधला पेड आकडीत धरून, कमरेपर्यंत एकसारखी. दंड दुखत नाहीत. रबर लावून मी ती पाठीवर सोडली आणि थांबले.

तिचा हात वेणीवरून वरून खाली फिरला. मध्ये एका जागी थांबला, तिथला पेड चिमटीत धरून बघितला. मग ती मावशीला काहीतरी म्हणाली, लांबलचक, आणि मावशी खो खो हसली. सूनही आतून हसली.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"काय नाय गो," मावशी डोळे पुसत म्हणाली. "ते तुला सांगन्यासारखं नाय."

मी वळून आईकडे बघितलं. ती अजून अर्ध्या तोंडाने हसत होती. माझी नजर बघून ती थांबली. ओठ गोळा केले. मला जीभ दिसत होती. ती वर गेली, उजवीकडे सरकली, पुन्हा वर गेली, मागे वळली. मानेच्या शिरा ताणल्या. मावशी "ऱ्हाऊ दे गो" म्हणाली, पण आईने हाताने तिला थांबवलं.

"वेणी," ती माझ्याकडे बघून म्हणाली. "छान. आहे."

ण आला होता. स्वच्छ, बातम्या देतात तसा. माझ्या वेणीला ती जन्मात कधी छान म्हणाली नव्हती.

मी म्हटलं, "हो, जमते आता." तिने मान हलवली आणि हनुवटीवर आलेली लाळ डाव्या हाताने पुसून घेतली.